पोटरी दुखेपर्यंत चाला

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून सगळी नोकरी झाली. त्यामुळे पाय नक्की कुठे दुखायला लागतो, हे मला साखळ्यांत सांगता यायचं. गुहागरच्या बाजारातून घराकडे निघालो की सपाट रस्त्यावर अठरा साखळ्यांवर डावी पोटरी आवळायची. आमची साखळी तेहतीस फुटांची, म्हणजे धरा १८० मीटर. तिथे उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. पुन्हा निघालं की पुन्हा अठरा साखळ्या. चढ असला तर आकडा निम्म्यावर. अंगदुखी इतकी हिशेबी नसते, हे मला तेव्हाही जाणवत होतं. पण हिशेब सांगितला की लोक हसायचे, आणि थांबण्याची लाज वाटते म्हणून मी दुकानासमोर भाव विचारत उभा राहायचो. नको असलेल्या सुपाऱ्यांचे दर मला त्या काळात तोंडपाठ होते.

बराच काळ हे कंबरेचं दुखणं समजून चाललं. पट्टा झाला, तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. शेवटी चिपळूणच्या एका डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: ‘थांबल्यावर नुसतं उभं राहून बरं वाटतं, की बसावं लागतं, वाकावं लागतं?’ मी म्हटलं, उभं राहून. ते म्हणाले, मग कंबर बाजूला ठेवू. मणक्यात नस दाबली गेली असेल तर माणूस बसला किंवा पुढे वाकला की त्याला आराम पडतो. नुसतं उभं राहून पोटरी सुटते ती बहुधा रक्त कमी पडत असतं म्हणून.

मग त्यांनी पायाचं बीपी घेतलं. दंडाला पट्टा बांधतात तसाच घोट्याच्या वर बांधला आणि डॉप्लरच्या छोट्या पेनने पावलावरची नाडी ऐकली. दंडाला १५० आलं, डाव्या घोट्याला ९३. भागाकार ०.६२. निरोगी माणसाचा हा आकडा १ ते १.४ च्या मध्ये असतो, ०.९ च्या खाली गेला की पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात असं धरतात. उजव्या पायाचा ०.८८ आला, म्हणजे तोही फार सोवळा नव्हता. जुना मधुमेह असेल तर धमन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात, पट्ट्याने दबत नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला येतो, हेही त्यांनी सांगितलं. मला शुगर आहे, त्यामुळे सोनोग्राफीवर डॉप्लर करून खात्री केली. डाव्या मांडीतली मुख्य धमनी एका जागी जवळजवळ बंद होती. आयुष्यभर लोकांच्या बांधांची मोजणी केली, पण माझ्याच अंगातल्या पाटाचं पाणी कुठे अडलंय, ते दाखवायला दुसरा मोजणीदार लागला.

घरी कळल्यावर मुंबईहून फोन सुरू झाले. सगळ्यांचं एकच: धमनीत फुगा फुगवून ती उघडून घ्या, स्टेंट म्हणजे ती जाळीची नळी टाका, पैशाची काळजी करू नका. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. पाय धोक्यात नाही, जखम नाही, रात्री झोपेत दुखत नाही. फक्त चालताना दुखतं. अशा वेळी आधी औषधं, तंबाखू बंद आणि चालण्याचा व्यायाम. तीन महिन्यांनी भागलं नाही तर फुग्याचं बघू. आणि पायापेक्षा जास्त भीती हृदयाची आणि मेंदूची आहे, कारण पायाच्या धमनीत जे साचलंय ते तिथेही साचत असणार. म्हणून कोलेस्टेरॉलसाठी अटोरव्हास्टॅटिन आणि रक्ताची गुठळी न होण्यासाठी क्लोपिडोग्रेल, या दोन गोळ्या कायमच्या. तिसरी सिलोस्टॅझॉल, न दुखता जास्त चालता यावं म्हणून, दिवसातून दोनदा, जेवणाच्या अर्धा तास आधी. ही हृदय कमजोर असलेल्याला देत नाहीत, म्हणून आधी टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला. तिने सुरुवातीला डोकं असं काही ठणकलं की मी ती सोडायच्या बेतात होतो. काही आठवड्यांत ते आपोआप कमी झालं. बिडी बंद झाली, त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, ती बंद झाली. आमच्या घरच्या मंडळींची मिशेरी हा निराळा विषय आहे आणि मला घरात राहायचं आहे.

राहिलं चालणं. कागदावर एवढंच होतं: आठवड्यातून पाच दिवस, पोटरी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं गेलं की पुन्हा चाला.

मोठ्या शहरांत काही ठिकाणी हे इस्पितळातच करून घेतात. ट्रेडमिलवर, कोणीतरी शेजारी उभं राहून, आठवड्यातून तीनदा, बारा आठवडे. अमेरिकेत सरकारी विमा २०१७ पासून अशा ३६ सत्रांचा खर्च देतो. मला चिपळूणला आठवड्यातून तीनदा जायचं म्हणजे प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, मोडकाआगरचा चढ, शृंगारतळीची गर्दी, आणि एसटीत बसून दोन्ही पाय आखडलेले. तेव्हा व्यायाम घरीच. पण घरी म्हणजे मनाला येईल तसा नव्हे, हे मला भाचीने शिकवलं. ती डोंबिवलीला फिजिओथेरपिस्ट आहे. सुरुवातीला ती स्वतः येऊन राहिली आणि मगच फोनवर आली.

तिने यावर वाचलेलं मला समजेल असं सांगितलं. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉक्टर मेरी मॅकडरमॉट यांनी याच एका विषयावर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१३ साली त्यांनी दाखवलं की आठवड्यातून एकदा रुग्णांना गटात बसवून बोलतं केलं, ध्येयं ठरवून दिली आणि बाकी चालणं घरी करायला लावलं, तरी सहा मिनिटांत कापलं जाणारं अंतर वाढतं. पुढे २०१८ मध्ये मनगटावरचं यंत्र आणि फोनवरचं मार्गदर्शन यांच्यावरच मुख्य भिस्त ठेवून पाहिली, तर नऊ महिन्यांनी काही उपयोग दिसला नाही. मुलाने मला घड्याळ पाठवलं होतं, पावलं मोजणारं. भाचीने ते काढून ठेवायला लावलं नाही, पण त्याच्याकडे बघून खूश व्हायचं नाही म्हणाली.

तिसरा अभ्यास २०२१ चा, ३०५ माणसांवरचा. मला तो सगळ्यांत पटला, कारण माझ्या मनातला प्रश्न त्याने सरळ विचारला होता. एका गटाला सांगितलं, दुखणार नाही अशा बेताने चाला. दुसऱ्याला सांगितलं, चांगलं दुखेल अशा वेगाने चाला. वर्षभर दोन्ही गट घरीच चालले, दोघांना फोन सारखेच. दुखवून चालणाऱ्यांचं सहा मिनिटांचं अंतर सरासरी सुमारे ३४ मीटरनी वाढलं. आरामात चालणारे होते तिथेच राहिले. म्हणजे रमतगमत, समुद्राची हवा खात, कोणाच्या तरी अंगणात चहा घेत केलेला आमचा गुहागरी फेरफटका मनाला कितीही चांगला असला तरी या दुखण्यावर औषध नाही.

आता ‘दुखेपर्यंत’ म्हणजे किती? भाचीने शून्य ते पाच अशी पट्टी ठरवून दिली. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे पोटरीला नुकतं जाणवलं, पाच म्हणजे आता पाऊल टाकवत नाही. एकला थांबायचं नाही. तीनच्या पुढे, चारच्या आसपास जायचं आणि मग थांबायचं. उभ्यानेच, पूर्ण शून्यावर येईपर्यंत. बसायची सवय लावायची नाही, कारण सगळीकडे बाकडं नसतं. सुरुवातीला चालण्याची एकूण वेळ दहा-पंधरा मिनिटंच, थांबे वगळून. मग दर आठवड्याला पाचेक मिनिटांची भर, पन्नासपर्यंत.

एकवर न थांबणं हे सांगायला सोपं. आपला देह आणि आपली माणसं दोघंही एकावर थांबवतात. पत्नी बरोबर यायची तेव्हा माझा चेहरा बघून म्हणायची, ‘अहो, पुरे झालं आता, उगाच जीव कशाला काढताय?’ तिला वाटायचं, दुखतंय म्हणजे काहीतरी आत बिघडतंय. मलाही वाटायचंच. चिपळूणला विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे स्नायूचं रक्त मागणं आहे, थांबलात की मिटतं, यात पायाची हानी होत नाही. छातीत आवळलं, दम लागला, चक्कर आली तर मात्र ती वेगळी गोष्ट, तिथेच थांबायचं आणि कळवायचं. हे ऐकून ती बरोबर यायची बंद झाली. बघवत नाही म्हणाली. त्याने माझा वेग वाढला, हे तिला सांगितलेलं नाही.

जागा कुठली निवडायची यावर मी नोकरीतला अनुभव खर्च केला. आमच्या वाडीतून सुरूच्या बनापर्यंत जायची वाट आहे, पुढे किनारा. गुहागरचा किनारा सहा-एक किलोमीटर सरळसोट, मोजणीदाराने आखावा तसा. पण कोरड्या वाळूत पाय रुततो, तिथे अंतराचा काही हिशेब लागत नाही. चालायला हवी ती ओल्या वाळूची टणक पट्टी, आणि ती ओहोटीलाच मिळते. म्हणजे घड्याळापेक्षा पंचांग बघणं आलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, तीन वाजता भरती, म्हणजे सहा तासांनी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटीने पाणी पार आत. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पंचमीपर्यंत सकाळचा किनारा माझा. अष्टमीच्या आसपास ओहोटी ऐन दुपारच्या उन्हात, ते दिवस रस्त्यावर. एकादशीनंतर ओहोटी दुपार टळताना यायची, की मग संध्याकाळी. भाची म्हणाली, मामा, रोज एकच वेळ ठेवा, सवय लागते. मी म्हटलं, समुद्राला सांग.

रस्त्यासाठी मी फीत घेऊन घरापासून व्याडेश्वराच्या दिशेने अंतर धरलं आणि दर पाच साखळ्यांवर कुंपणाच्या चिऱ्यावर चुन्याचा ठिपका दिला. लोकांना वाटलं, रुंदीकरण येतंय. दोघांनी घरी येऊन विचारलं, ‘अण्णा, आमचा गडगा किती आत जातोय?’ निवृत्त मोजणीदाराने फीत बाहेर काढणं हे गावाच्या शांततेला बरं नसतं. पण त्या ठिपक्यांनी फायदा झाला. दुखणं एकवर कुठे आलं, चारवर कुठे आलं, हे मी वहीत लिहायचो आणि रविवारी भाचीला वाचून दाखवायचो. तिला पावलं नको असायची, तिला हे हवं असायचं. वही वाचून दाखवायची आहे, या एका भीतीने मी कितीतरी कंटाळ्याच्या दिवशी बाहेर पडलो आहे.

बुटांवरून मात्र घरीदारी वाद झाले. वाळूत अनवाणी चालावं, डोळ्यांना चांगलं, शुगर उतरते, असं सांगणारे इथे पावलोपावली भेटतात. ज्याच्या पायाला रक्त कमी आणि शुगरमुळे संवेदनाही कमी, त्याच्या पावलाला शिंपलीने ओरखडा आला तर कळणारही नाही, आणि ती जखम भरायला रक्त पोचणार नाही. रापणीच्या जाळ्यातून पडलेले काटे, फुटक्या बाटल्या, पर्यटकांच्या कृपेने आता काय काय असतं. मी बंद बूट घालतो, आत सुती मोजे. खारं पाणी गेलं की बूट गोड्या पाण्याने धुऊन वाळवायचे, म्हणून दोन जोड ठेवलेत. मोजे घालण्यापूर्वी बूट उपडे करून झटकायचे, वाळूचा एक कणसुद्धा बोटांमध्ये घासतो. आणि रात्री तळवे आरशात बघायचे. वाकवत नाही म्हणून दाढीचा आरसा जमिनीवर ठेवतो. नातू विचारतो, आजोबा पायाची दाढी करतात का? खिशात खडीसाखर असते, शुगरच्या गोळ्या घेऊन चालताना ती एकदम खाली आली तर.

भाचीने एक कागद फोनजवळ चिकटवून ठेवलाय. रात्री आडवं पडल्यावर पाऊल दुखायला लागलं आणि पलंगाखाली सोडल्यावर बरं वाटलं, बोट निळं-काळं पडलं, जखम भरत नाही, तर व्यायाम थांबवून डॉक्टरकडे. आणि पाय अचानक थंडगार, पांढरा, बधिर होऊन जीवघेणा दुखला तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, त्याच घटकेला गाडी करायची, कारण अशा वेळी पाय वाचवायला हातात काही तासच असतात. शेजारच्या रिक्षावाल्याचा नंबर त्या कागदावर सगळ्यांत वर आहे.

दोनेक महिन्यांनी सपाटीवर दुखणं चारपर्यंत जाईना. आनंदाची गोष्ट, पण भाचीला तो आनंद झाला नाही. वेग वाढवा, नाहीतर चढ शोधा, म्हणाली. ट्रेडमिलवर अशा वेळी पट्टा तिरका करतात. कोकणात ती सोय देवानेच करून ठेवलेली आहे, सपाटी शोधावी लागते, चढ नाही. मी एक चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची चढती वाट, निवडली, फार उभी नसलेली. तिथे पोटरी पुन्हा पहिल्यासारखी बोंबलायला लागली आणि वहीतले आकडे पुन्हा लहान झाले. ते लहान आकडे बघून मन खट्टू व्हायचं. पण तीच पाखाडी आधी मी मधे न थांबता चढू शकत नव्हतो.

मग पाऊस आला. जूननंतर किनाऱ्याचं नाव काढायचं नाही, पाणी सुरूच्या मुळापर्यंत येतं. पाखाडीवर शेवाळ, रस्त्यावर पाणी. घसरून खुब्याचं हाड मोडलं तर पोटरीचं कौतुक राहणार नाही. मग आमच्या पडवीत, दीड साखळीच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे वेग येत नाही, वळण्यातच वेळ जातो आणि डोकं भणाणतं. शाळेच्या व्हरांड्यात, सुटीच्या वेळी, जास्त बरं जमलं. पुढे गणपती आले, मुंबईची माणसं आली, घर भरलं, मोदक झाले, आणि वहीत कोरी पानं राहिली. गौरी-गणपती गेल्यावर निघालो तर पोटरी बरीच आधी आवळली. साठवून ठेवता येईल असं हे काम नाही. एक पायरी खाली उतरून पुन्हा वर यावं लागलं.

दिवाळीत भाची आली तेव्हा त्याच व्हरांड्यात तीस मीटर अंतरावर दोन खुणा करून सहा मिनिटांची चाचणी घेतली. सुरुवातीला मी थांबे धरून २७० मीटर गेलो होतो, आता ३२० च्या पुढे. सपाटीवर दुखणं सुरू व्हायला चाळीस साखळ्या लागत होत्या. मी मोठ्या ऐटीत चिपळूणला गेलो, की आता घोट्याचा आकडा बघू. पट्टा बांधला, भागाकार झाला: ०.६३.

मी दोनदा मोजायला लावलं. डॉक्टर हसले. म्हणाले, धमनी उघडत नसते हो चालण्याने, तिथला अडथळा तिथेच आहे. बदललाय तो स्नायू. मिळेल त्या रक्तातला प्राणवायू तो जास्त चांगला वापरायला शिकतो, पेशींमधली ऊर्जेची यंत्रणा सुधारते, बारीक रक्तवाहिन्या जास्त मोकळ्या होतात, आणि चालण्याची ढबही कमी खर्चाची होते. पाटाला पाणी तेवढंच, बाग मात्र जास्त भिजतेय, असं मी मनात मांडून घेतलं.

सगळं काही सुटलेलं नाही. लग्नाच्या वरातीत, जेवणानंतर, सामानाच्या पिशव्या घेऊन चढ चढताना मी अजून थांबतो. फरक इतकाच की दुकानदाराला सुपारीचा दर विचारत नाही, सरळ उभा राहतो. फुग्याचा विषय डॉक्टरांनी संपवलेला नाही, पुढे ढकललाय. वर्षाने परत बघू, आणि रात्रीचं दुखणं सुरू झालं तर त्याआधीच या, असं ठरलंय. मुंबईचे फोन अजून येतात.

मधल्या काळात गुहागरच्याच खालचा पाट या भागातला माझा एक जुना वर्गमित्र, हाही अर्ध्या रस्त्यात थांबणारा, चिपळूणला जाऊन पायाचं बीपी बघून आला. त्याचा आकडा ०.७१. आता ओहोटी सोयीची असली की तो किनाऱ्यावर भेटतो. दुखलं की दोघं आपापल्या ठिकाणी थांबतो, कारण दोघांचं अंतर जुळत नाही, आणि एकमेकांसाठी थांबायचं नाही असं भाचीने बजावलंय. त्याला अजून बुटांचं पटलेलं नाही, चपला हातात घेऊन येतो. मला शुगर नाही, असं म्हणतो. शेवटची कधी तपासलीस म्हणून विचारलं, की पुढे चालायला लागतो.